छोट्या रीफ टँकला गारवा: चिलर घ्यावा की पंख्यावर भागवावं?

दोन फुटी रीफ टँक (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) ठरला, लाइट ठरला, पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकरही घरी आला आणि आता घोडं गरमीपाशी अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये लाइट आणि पंपांची उष्णता धरली तर एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी 31-32 अंशांना सहज टेकतं. रीफला 25 ते 27 मानवतं. मधलं अंतर भरून काढायला एक तर कंप्रेसरवाला चिलर (फ्रिजसारखं पाणी गार करणारं यंत्र) लागतो, नाही तर पाण्यावर वारा सोडणारा बारका पंखा. ज्यांच्या हॉलमध्ये दिवसरात्र एसी चालतो त्यांना हा प्रश्नच नाही. पेल्टियरवाले (कंप्रेसरऐवजी विजेच्या चकतीने गार करणारे) स्वस्त कूलरही मी यात धरत नाही, अशा टँकमधल्या साठ लिटर पाण्यापुढे त्यांचा निभाव लागत नाही.

आधी चिलर, कारण त्याची बाजू सरळ आहे. 26 आकडा लावायचा आणि विसरून जायचं. हवा दमट असो की कोरडी, त्याला फरक पडत नाही. एक मित्र बदली होऊन परगावी गेला तेव्हा त्याचा चिलर एक उन्हाळा माझ्याकडे होता. त्या उन्हाळ्यात थर्मामीटरकडे माझं लक्षही जात नसे. स्थिर तापमान हाच निकष असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, चिलर घ्या.

पंख्याचं सगळं गणित हवेवर आहे. पाण्याची वाफ होताना ती उष्णता सोबत घेऊन जाते, म्हणजे माठाचंच तत्त्व. आणि माठ देशावर जितका गार होतो तितका किनारपट्टीला होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुण्यात एप्रिलमध्ये पारा 38 वर गेला तरी हवा इतकी कोरडी असते की दोन पंख्यांत टँक 26 च्या आसपास येऊ शकतो. पुणेकरांनी छोट्या टँकसाठी चिलरचा विचार का करावा, हे मला खरंच कळत नाही. ठाण्यात मला दोन-अडीच अंश मिळतात, चांगल्या दिवशी तीन. म्हणजे मेमध्ये पाणी 28.5 ते 29 च्या दरम्यान. आणि खरी कसोटी मेमध्ये नसतेच. जूनचे पहिले दिवस, आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही, अंगावरचा घामही सुकत नाही, तेव्हा पंखा नुसता फिरतो. त्या दिवसांत मी लाइटचे तास कमी करतो आणि जे ठेवतो ते रात्री चालवतो.

मग 28-29 अंश पुरे आहेत का? ते आत काय ठेवणार यावर आहे, आणि इथे आपल्याकडे निवड बरीचशी कायद्यानेच करून ठेवली आहे. अ‍ॅक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन, म्हणजे दगडी सांगाडा बनवणारे सगळे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सी-फॅन आणि ऑर्गन पाइप दगडी प्रवाळांच्या गटातले नसूनही त्याच यादीत. दुकानदार मागच्या टँकमधून काढून दाखवेल, पण तो भाग वेगळा. टँकमध्ये रचायचा रॉकसुद्धा सिरॅमिकचा घ्या, कारण लाइव्ह रॉक म्हणून विकला जातो तो बहुतेकदा प्रवाळाचा सांगाडाच असतो आणि मेलेला आहे म्हणून कायदा सोडत नाही. उरतात ते मश्रूम, झोअँथिड, लेदर, झेनिया यांसारखे मऊ प्रवाळ. तेही बिल देणाऱ्याकडून, किंवा ओळखीच्या हौशी माणसाने स्वतःच्या टँकमध्ये वाढवलेले. चिलरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा असतो तो अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक मंडळींचा, आणि ती आपल्या टँकमध्ये यायचीच नाहीत.

उष्णता किरकोळ गोष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. लक्षद्वीपमधले प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 मध्ये पांढरे पडले ते तापलेल्या समुद्रामुळेच. पण माझ्या टँकमधले मश्रूम आणि लेदर 28.5 ला आरामात फुललेले असतात. झेनिया मात्र गरमीत आक्रसतो, त्यामुळे तो ठेवणं मी सोडून दिलं. क्लाउनफिशला या तापमानाचं काही वाटत नाही. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, टँक टँकमध्ये फरक असतो.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो. चिलर पाणी गार करतो म्हणजे पाण्यातली उष्णता उचलून तुमच्या हॉलमध्ये फेकतो, वर कंप्रेसरची स्वतःची उष्णता वेगळी. टँकखालच्या कपाटात तो बंद करून ठेवता येत नाही, स्वतःचीच गरम हवा ओढून दमतो. म्हणून बाहेर ठेवायचा, दोन पाइप मागून आणायचे आणि त्याच्यासाठी वेगळा पंप लावायचा. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये ही जागा शेवटी सोफा आणि दिवाण यांच्यामध्येच सापडते. दिवाणावर आई झोपते. रात्री सगळं शांत झालं की दर थोड्या वेळाने ‘टक्’ आवाज, मग घरघर, त्या घरघरीने शोकेसमधल्या काचेच्या बशा किणकिणायच्या, आणि तेवढ्यात पायांवर गरम हवेचा झोत. आई दोनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन आली, “फ्रिज बिघडलाय का रे?” खाली रबराचे तुकडे घातले, बशा हलवल्या. घरघर राहिलीच. मेमध्ये माशांना 26 अंश आणि माणसांना ती भट्टी, हे मला जमलं नाही. मित्र परत आल्यावर मी चिलर आनंदाने परत केला. तुमच्याकडे टँकसाठी वेगळी खोली किंवा चिलरला बाल्कनीचा कोपरा असेल तर ही तक्रार तुम्हाला लागू नाही.

पंखा फुकटात काम करतो असं नाही. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. माझ्या टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, ते आतच राहतं. साठ लिटरमधून दोन लिटर गेले की 35 ची क्षारता (दर हजार भागांत 35 भाग मीठ) 36 च्या वर जाते, आणि दुसऱ्या दिवशी आणखी वर. म्हणून ऑटो टॉप-अप (एटीओ), म्हणजे उडालेलं पाणी डब्यातून आपोआप भरणारं यंत्र, हवाच. मी तर म्हणेन, एटीओ घेणार नसाल तर पंखाही घेऊ नका. फ्लोट स्विचपेक्षा ऑप्टिकल सेन्सर बरा, कारण फ्लोटवर गोगलगाय चढून बसते. पाण्याचा डबा दहा लिटरचाच ठेवा. सेन्सर अडकून सगळं पाणी आत गेलंच तर क्षारता 30 पर्यंत उतरेल, त्यातून टँक सावरू शकतो. वीस लिटर गेले तर अवघड आहे.

टॉप-अपचं पाणी मात्र शुद्ध हवं. पिण्याच्या आरओचं पाणी दिसायला स्वच्छ, पण त्यात जे थोडंफार विरघळलेलं असतं ते रोज दोन लिटरच्या हिशोबाने टँकमध्ये साठत जातं, आणि काही महिन्यांत काचेवर तपकिरी शेवाळ येऊन त्याची खबर देतं. मागे डीआयचा (उरलेले क्षार काढणारा) एक फिल्टर जोडला की प्रश्न मिटतो. बाकी बारीकसारीक: काचेचं झाकण काढावं लागतं, तर वर जाळी टाका, नाही तर उडी मारणारा फायरफिश मासा सकाळी जमिनीवर सापडेल. कडेला मिठाची पांढरी साय धरते, ओल्या फडक्याने पुसायची. पंख्याचं बेअरिंग खाऱ्या हवेत कुरकुरायला लागतं, तेव्हा नवीन लावायचा. कंट्रोलर (तापमान बघून पंखा चालू-बंद करणारा) 27 ला लावला की हिवाळ्यात पंखा आपोआप गप्प बसतो.

पंख्याची एक अडचण मला अजून पूर्ण सुटलेली नाही. आपण गावी जातो ते मेमध्येच, आणि दहा लिटरचा डबा पाच-सहा दिवसांत संपतो. शेजारच्या काकांना डबा भरायला सांगून जातो. चिलर असता तर झाकण लावून ठेवता आलं असतं, वाफ कमी झाली असती, आणि हा उपकार मागावा लागला नसता. उलट लाइट गेली की माझा पंखा आणि वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतात, तर कंप्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो प्रत्येक इन्व्हर्टरला झेपत नाही.

घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची, खिडक्या दिवसभर बंद, आणि उन्हाळ्यात घरात कुणी नसणार, असं असेल तर चिलरच घ्या, पंख्यावर ताणू नका. बाकीच्यांनी आधी एटीओ, मग कंट्रोलर, मग पंखा या क्रमाने खरेदी करावी, टँकमध्ये थोडे मश्रूम सोडावेत आणि एक जून काढून बघावा. नंतर चिलर घ्यावासा वाटलाच तर यातलं काही वाया जात नाही, कारण चिलर दुरुस्तीला गेला की टँक याच सामानावर तगवायचा असतो.