एक्सेलचा नेम मॅनेजर: नमकीनच्या हिशोबाला कितपत कामाचा?

पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. इंदूरचं छप्पन दुकान असो की तिथलंच सियागंज, ज्याच्या एक्सेल फायलीत प्रत्येक सूत्रात 12% हातानं घातलेलं, त्याला शीट न् शीट उपसणं आलं. दर एका सेलमध्ये ठेवून त्याला नाव दिलं की हे टळतं; अशा नावांची यादी म्हणजे नेम मॅनेजर. एवढ्यापुरती ही सोय अव्वल. वाढत्या याद्यांसाठी मात्र नुसत्या नावावर विसंबू नका.

दराचा सेल निवडा, सूत्रपट्टीच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये टॅक्स_रेट लिहा आणि एंटर दाबा. एंटर न दाबता दुसरीकडे क्लिक केलं तर नाव पडतच नाही. पुढे =डी2*टॅक्स_रेट; सूत्र खाली ओढलं तरी दर जागचा हलत नाही, पत्ता पक्का करायला डॉलरचं चिन्ह ($) घालायची कटकट नाही.

नाव जीएसटी18 ठेवायला गेलात तर कर्सर उजवीकडे कुठल्या कुठे ओसाड जागी जाऊन बसतो. एक्सेल 2007 पासून रकाने 16,384 आहेत, शेवटचा एक्सएफडी. म्हणजे जीएसटी हा खराच रकाना आणि जीएसटी18 त्यातला अठरावा सेल! जीएसटी_18 लिहा, चालतं.

जुनी बिलं त्याच नावावर असतील तर दर बदलताच तीही बदलतात. म्हणून बिलाच्या ओळीत दराचा वेगळा रकाना हवाच. नाव भावपत्रकापुरतं ठेवा.

यादीला ए2 ते ए40 असं नाव दिलंत आणि नवी लौंग सेव 41व्या ओळीत टाकलीत, तर ती बेरजेत येत नाही, आणि एरर म्हणाल तर तोही दिसत नाही. आधी कंट्रोल+टी दाबून टेबल करा, मग त्याच्या रकान्याला नाव द्या. ओळी वाढल्या की नावही वाढतं.

सर्वांत छुपा घोळ शीट कॉपी करताना होतो. दराचा सेल ऑक्टोबरच्या शीटवरच असेल तर नोव्हेंबरच्या कॉपीत दुसरं टॅक्स_रेट तयार होतं, आणि त्या शीटवर त्याचंच चालतं. मूळ दर बदला, नोव्हेंबर ढिम्म. कंट्रोल+एफ3 दाबून नेम मॅनेजर उघडा आणि स्कोप रकाना बघा; नाव सगळ्या फायलीत चालतं की एकाच शीटवर, ते तिथे कळतं. तिथला स्कोप बदलता येत नाही, नाव पुसून नव्यानं करावं लागतं. ही उणीव खटकते. दरांसाठी वेगळी शीट ठेवा, ती कॉपी करू नका. आणि नाव कुठल्या सेलचं ते दाखवणाऱ्या रेफर्स टू चौकटीत बाणाच्या कळा दाबण्याआधी एफ2 दाबा, नाहीतर मधेच भलते पत्ते घुसतात.