अडुळसा की ज्येष्ठमध? आधी खोकला ऐका

घरात कुणी खोकायला लागलं की एक जण अडुळशाचा पाला शोधायला निघतो आणि दुसरा ज्येष्ठमधाची काडी पुढे करतो. दोन्ही खोकल्याचीच औषधं, मग कुठलंही चालेल, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

छातीत घरघर आहे, कफ चिकट झालाय, खोकून खोकून बरगड्या दुखतात पण बेडका सुटत नाही, तर अडुळसा घ्यावा. त्याच्या पानांतलं वासिसीन श्वासनलिका सैल करतं आणि कफ सुटायला मदत करतं. कफ पातळ करण्यासाठी डॉक्टर देतात ते ब्रोमहेक्झिन याच वासिसीनवरून तयार झालं, आणि अँब्रोक्झॉल हे ब्रोमहेक्झिनचंच शरीरात होणारं रूप. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात, त्या कडूजहर झुडपाची ही करामत!

ताजी पानं नुसती कुटली तर रस फारसा हाती लागत नाही. म्हणून वैद्य पुटपाक करतात, म्हणजे कुटलेल्या पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून, वर माती लिंपून भाजतात आणि मग रस पिळतात. मी घरी सोपं करते. पानं धुऊन इडलीपात्रात दहाएक मिनिटं वाफवायची. ती काळपट, लिबलिबीत झाली की फडक्यात घालून पिळायची. गडद हिरवा रस निघतो. मोठ्या माणसाला चमचाभर रस आणि तेवढाच मध. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.)

घसा खवखवतोय, रात्री आडवं पडलं की कोरडी ढास लागते, कफाचा पत्ता नाही, अशा वेळी अडुळसा घेऊन कडू तोंड करण्यात फारसा अर्थ नाही. इथे ज्येष्ठमध हवं. चरकसंहितेत ते ‘कंठ्य’ म्हणजे गळ्याला हितकर औषधांत येतं. काडी चघळली की घशावर मऊसर लेप बसल्यासारखं वाटतं. गाणारी मंडळी ती जवळ बाळगतात, ते उगाच नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून पूड न आणता काडीच आणा. मोडल्यावर आतून पिवळी, तंतुमय दिसली पाहिजे.

पण गोड आहे म्हणून निरुपद्रवी समजू नका. तो गोडवा ग्लिसिरायझिनचा, साखरेच्या सुमारे ५० पट. ते रोज भरपूर पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. माझ्या आत्यांना रक्तदाबाचा त्रास. त्यांनी महिनाभर दिवसभर काड्या चघळल्या. पाय सुजले, गोळ्या चालू असूनही रक्तदाब वर. डॉक्टरांनी “घरचं काय घेता?” असं विचारलं तेव्हा उलगडा झाला. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ज्येष्ठमध टाळाच.

गरोदरपणात दोन्ही नकोत. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकतो.

सर्दीनंतर आधी कफ आणि मग नुसती ढास उरली, तर अडुळसा थांबवून दोन-चार दिवस ज्येष्ठमधावर यावं. मी हेच करते. दोन्ही एकाच काढ्यात उकळले तर कशाने बरं वाटलं तेच कळत नाही.

खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर पाला आणि काडी दोन्ही बाजूला ठेवा. सरकारी दवाखान्यात बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी मोफत होते, ती त्याच आठवड्यात करून घ्या.