घड्याळ चांगलं आहे, पण माझ्यासारख्या काळजीखोरांनी जपून

मुलाने दिवाळीला पुण्याहून हे स्मार्टवॉच पाठवलं. किंमत २,९९९. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे सांगते त्यात तिचा दोष नाही. बॅटरी सहा दिवस पुरते, उन्हातही आकडे दिसतात. मराठी मेसेज मात्र नुसते चौकोन होऊन येतात.

मी कराडला शाळेत गणित शिकवते. घर सोडताना गॅसचं बटण तीनदा बघणाऱ्यांतली. त्यात हातावर हे आलं! पहिल्या आठवड्यातच सारखं मनगट बघायची सवय लागली. नाडीचे ठोके मिनिटाला ७२, ७८, ७४. मग एका रात्री पावणेतीनला धडधडून जाग आली. घड्याळात ११८. ते बघितलं आणि १३१ झालं. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, वाटलं आता आपण काही उरत नाही. ह्यांनी शेजाऱ्यांना उठवून गाडीतून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. नंतर थायरॉईड, टू-डी इको, तेही नॉर्मल. सगळं नॉर्मल, मग मला झालं काय होतं?

डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवला. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात. वाढलेला आकडा बघून भीती आणखी, की पुन्हा ठोके. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या. असा भीतीचा झटका, म्हणजे पॅनिक अ‍ॅटॅक, बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला जाऊन ओसरू लागतो. "मॅडम, घड्याळ खोटं बोललं नाही. पण जिना चढल्याचे ठोके कुठले आणि घाबरल्याचे कुठले, ते त्याला कळत नाही."

माझ्या सासूबाई रात्री "जीव घाबरा होतोय" म्हणत उठून बसायच्या. आम्ही गॅस समजून ओवा द्यायचो. आता वाटतं, त्यांचंही हेच असेल का?

सेटिंगमध्ये जाऊन मी जास्त ठोक्यांचा इशारा बंद केला, नाडीचा आकडाही पहिल्या स्क्रीनवरून काढला. (छातीत दुखलं तर आधी दवाखाना गाठा, माझ्या रिव्ह्यूवर जाऊ नका.) श्वासाचा व्यायाम मात्र झकास आहे: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, आणि मनगटावर हलकी थरथर, त्यामुळे अंधारात डोळे मिटून करता येतो. समुपदेशक बाईंनीही तोच चालू ठेवायला सांगितलाय.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा पट्ट्याचा कापला, महिन्यातच खडूसारखा पांढरा पडला.