नायट्रेट की सिलिकॉन? दक्षिण महासागरावर निघण्याआधी

मोहिमेच्या तारखा लागल्या की दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. या वर्षी वास्कोत चहाच्या गाड्यावर एका पीएचडीच्या मुलीने विचारलं, "सर, बाटल्या कशासाठी भरू? नायट्रेटच्या आयसोटोपसाठी की सिलिकॉनच्या?" जहाजावर हात दोनच आणि फ्रीझरमधली जागा त्याहून कमी, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो. एकाच मूलद्रव्याचे जड-हलके अणू म्हणजे आयसोटोप, त्यांच्या प्रमाणातला फरक हजारात मोजला की परमिल, आणि त्या फरकावरून पाण्यातलं अन्न किती वापरलं गेलं ते कळतं, एवढं ध्यानात ठेवा.

नायट्रेटची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भारी आहे. एकाच रेणूत दोन साक्षीदार बसलेले असतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन. प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनी, नायट्रेट खाल्लं की उरलेल्यात जड नायट्रोजन आणि जड ऑक्सिजन साधारण बरोबरीने चढतात. पण तेच नायट्रेट सडलेल्या सेंद्रिय मालातून नव्याने बनलं, तर त्याचा नायट्रोजन जुन्या मालातला असतो आणि ऑक्सिजन मात्र बहुतेक आजूबाजूच्या पाण्यातून उचललेला. दोघांची जोडी तिथे फुटते. किती खाल्लं गेलं आणि किती पुन्हा इथेच तयार झालं, हे एका बाटलीतून वेगळं काढता येतं. सिलिकॉनला हे जमत नाही, उगाच का खोटं बोलू? शिवाय दक्षिण महासागरात नायट्रेट एवढं मुबलक की एका मोजणीला मिलीलिटरभर पाणी पुरतं.

सिलिकॉनचं म्हणणं साधं आहे. डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेले प्लवक, कवच बांधताना हलकं सिलिकॉन आधी उचलतात आणि त्यांच्यात व पाण्यात साधारण १.१ परमिलचा फरक पडतो. पाणी जितकं वापरलं गेलेलं, तितकं उरलेलं सिलिकॉन जड. अंटार्क्टिकाभोवतीचं थंड पाणी उत्तरेकडच्या उबदार पाण्याला जिथे भेटतं त्या ध्रुवीय आघाडीच्या दक्षिणेला सिलिकेट, म्हणजे विरघळलेलं सिलिकॉन, भरपूर असतं. उत्तरेकडे सरकताना ते आधी संपतं आणि नायट्रेट शिल्लक राहतं. उपअंटार्क्टिक पट्ट्यात बुडणारं पाणी हीच अर्धी शिदोरी घेऊन उत्तरेला जातं, आणि उष्ण कटिबंधातल्या डायटमच्या वाट्याला सिलिकेटची चणचण येते. तुमचा प्रश्न या गोष्टीभोवती फिरत असेल तर सिलिकॉन थेट उत्तर देतं. मात्र अंटार्क्टिकातल्या आपल्या भारती स्थानकासमोरच्या प्रिड्झ उपसागरात कधीकधी फिओसिस्टिस नावाच्या प्लवकाचा बहर येतो. त्याला सिलिकाचं कवचच नसतं, त्यामुळे तिथे सिलिकॉन तोंडात मिठाची गुळणी धरून बसतं.

कागदावर तोललं तर नायट्रेटचं पारडं जड, हे मान्य. माझं मन वळलं ते एका खोक्यामुळे.

नायट्रेटचे नमुने उणे २० अंशांवर गोठवून आणावे लागतात. आम्ल घालूनही टिकवता येतात म्हणा, पण नमुन्यात नायट्राइट असेल तर ऑक्सिजनची सही डळमळते, आणि आपल्याला नेमका तोच साक्षीदार हवा असतो. एका वर्षी केपटाऊनहून निघालेला आमचा खोका वाटेत चार दिवस अडकला. गोव्यात उघडला तेव्हा मार्चचा उकाडा होता आणि आतला सुका बर्फ केव्हाच उडून गेला होता. बाटल्या पुन्हा गोठवल्या. महिन्याभराने मोजायला काढल्या, तर कितीतरी झाकणांच्या आट्यांवर पांढरं मीठ साचलेलं. समुद्राचं पाणी गोठताना बर्फ मिठाला बाहेर ढकलतो, ते दाट खारं पाणी सगळ्यात शेवटपर्यंत पातळ राहतं आणि झाकणाच्या आट्यांतून वाट काढतं. त्याच्याबरोबर नायट्रेटही जातं. त्यात मी हावरटपणाने बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या, तेव्हा दोष निम्मा माझाच. मोजल्यावर एकाच निस्किनमधून, म्हणजे समुद्रातून पाणी पकडून आणणाऱ्या नळकांड्यातून, भरलेल्या जोडबाटल्या एकमेकींना ओळख दाखवेनात.

त्याच फेरीतल्या सिलिकॉनच्या बाटल्या गरम कपड्यांच्या गठ्ठ्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात आल्या. सिलिकेट गोठवायचं नसतंच, गोठलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात. गाळा, थोडं आम्ल घाला, प्लास्टिकच्या बाटलीत अंधारात ठेवा, संपलं. त्या माझ्या कपाटात एक आख्खा पावसाळा काढून राहिल्या, आणि मोजल्यावर जोडबाटल्या ०.१ परमिलच्या आत जुळल्या. हा काही छापण्याजोगा प्रयोग नव्हे, पण त्या दिवसापासून माझी झोप सुधारली.

लॅबमधलं म्हणाल तर दोघांचेही नखरे आहेत. नायट्रेटच्या जुन्या पद्धतीत स्यूडोमोनस जिवाणू पाळावे लागतात. त्यांच्याकडे शेवटचं एन्झाइम नसतं, म्हणून ते नायट्रेटचं नायट्रस ऑक्साइड करून थांबतात आणि आपण तो वायू मोजतो. काम विरजणासारखं, आठवडाभर आधी लावायचं आणि जून महिन्यात वीज गेली की देवाचं नाव घ्यायचं. आता टायटॅनियम वापरून जिवाणूंशिवायही होतं, तेव्हा या कारणासाठी नायट्रेट सोडू नका.

सिलिकॉनचं दुखणं वाळूचं. ज्या मानकाशी तुलना करायची ते एनबीएस-२८ मुळात क्वार्ट्झची वाळू, आणि आपल्या अवतीभवती दुसरं आहे काय? काचेचं एकही भांडं चालत नाही. शेजारी चिरे कापायचं काम चालू असेल तर खिडकी बंद. डायटमनी चाटूनपुसून नेलेल्या पृष्ठभागाच्या पाण्यातून पुरेसं सिलिकॉन मिळवायला लिटरभर पाणी लागू शकतं. मग ते मॅग्नेशियमबरोबर खाली बसवा, कॉलममधून काढा आणि आयसोटोप मोजणाऱ्या यंत्राच्या, मल्टिकलेक्टर आयसीपी-एमएसच्या, रांगेत उभे राहा. पण कंटाळलो म्हणून नमुना बिघडत नाही, हे महिनोन्‌महिने रांगेत उभं राहिल्यावर फार मोलाचं वाटतं.

आर्क्टिकचा हिशेब थोडा वेगळा. हिमाद्रीवर, म्हणजे आपल्या आर्क्टिक स्थानकावर, राहून जवळच्या काँग्सफ्योर्ड या खाडीत काम करणार असाल, तर फ्रीझर जवळ असतो आणि हिमनद्यांचं वितळपाणी हलकं सिलिकॉन ओतून गोंधळ घालतं. तिथे मी मुकाट्याने नायट्रेट घेईन.

त्या मुलीला म्हटलं, खोक्याबरोबर दारापासून दारापर्यंत प्रवास करणारं भरवशाचं माणूस असेल तर नायट्रेटला प्रबंधात मुख्य जागा दे. नसेल तर प्रबंध सिलिकॉनवर उभा कर आणि नायट्रेटच्या बाटल्या वरकड म्हणून घे.

"आणि नायट्रेटची बाटली किती भरू?"

तिने चहा दोन घोट पिऊन ग्लास खाली ठेवला होता. म्हटलं, "एवढी. आणि उभीच गोठव."