गाडीचा अलार्म: शोरूममध्ये बसवावा की बाहेर?

बेस मॉडेल घेतलं की हा प्रश्न येतोच. सेंट्रल लॉक नाही, सायरन नाही आणि गाडी रात्रभर सोसायटीच्या गेटबाहेर उभी. शोरूमवाले डिलिव्हरीच्या वेळीच सिक्युरिटी सिस्टीमचं पॅकेज पुढे करतात. बाहेर अॅक्सेसरीजच्या दुकानात तसंच दिसणारं किट बरंच स्वस्त मिळतं. माझं मत आधीच सांगतो: डब्यावरचं नाव दुय्यम आहे. अलार्म वर्षानुवर्षं मुकाट काम करेल की पहिल्याच पावसाळ्यात छळायला लागेल, हे वायर कुठे आणि कशी जोडली यावर ठरतं.

शोरूमची खरी जमेची बाजू म्हणजे कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग-सॉकेट. त्या मॉडेलसाठी कंपनीनेच किट काढलं असेल, तर ते मूळ वायरिंगच्या कपलरमध्ये खटकन बसतं आणि एकही वायर कापावी लागत नाही. पुढे इलेक्ट्रिकचा काही बिघाड झाला तर ‘बाहेरून वायरिंग केलंय’ म्हणून वॉरंटी नाकारायला जागा राहत नाही. पण एक गोष्ट विचारून घ्याच: हे कंपनीचं जेन्युइन किट आहे का, आणि पार्ट नंबर बिलावर येईल का? अनेक ठिकाणी शोरूम बाहेरच्याच फिटरला बोलावून बाहेरचंच किट बसवून घेतं. तसं असेल तर तुम्ही जास्तीचे पैसे कशाचे मोजताय?

बाहेरच्या दुकानात सगळी मदार कारागिरावर. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सायरन बॉनेटखाली तोंड खाली करून लावतो, म्हणजे पाणी साचत नाही. जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवतो, सप्लाय वायरला बॅटरीजवळच फ्यूज देतो आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावत नाही. घाईतला फिटर मूळ वायर सोलतो, पीळ देतो आणि टेप गुंडाळतो. उन्हाने टेपचा गोंद सुटतो, कोकणातल्या दमट हवेत तांबं हिरवं पडतं, आणि मग कधी इंडिकेटर बंद, तर कधी मध्यरात्री सायरन सुरू. म्हणून भाव विचारण्याआधी त्याने बसवलेली एखादी गाडी उघडून बघा. चांगल्या कारागिराला ती दाखवायला आवडतं.

गाडी जुनी असेल, कंपनीचं किट मिळतच नसेल, तर असा माणूस शोधणं हाच मार्ग, आणि तो शोरूमपेक्षा उजवं काम करू शकतो. शॉक सेन्सर, म्हणजे धक्का ओळखून सायरन वाजवणारा भाग, गल्लीच्या वर्दळीप्रमाणे कमी-जास्त करून देतो. गणपतीतला ढोल आणि दिवाळीतले फटाके यांनी प्रत्येक वेळी सायरन वाजू लागला, तर आठवड्याभरात शेजारी त्याकडे लक्ष देणं सोडतात. त्यामुळे सेटिंगसाठी पुन्हा आलात तर कुरकुर न करणारं दुकानच निवडा.

दोन्हीकडे दोन गोष्टींना नाही म्हणा. पहिली, चालत्या गाडीचं इग्निशन तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच). महामार्गावर तो बिघडला तर जिवावर बेतेल. इंजिन कट हवाच असेल तर फक्त स्टार्टर तोडणारा घ्या. दुसरी, रिमोट स्टार्ट. किल्लीत चिप असलेल्या गाडीला मुळातच इमोबिलायझर असतो, म्हणजे ओळखीची चिप नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. रिमोट स्टार्टसाठी त्याला चकवावं लागतं, आणि काही फिटर त्यासाठी दुसऱ्या किल्लीची चिप डॅशबोर्डखाली दडवतात. म्हणजे सुरक्षेसाठी पैसे मोजून चोराची सोय केली!

विम्याचा मोह फार धरू नका. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेलं उपकरण बसवलं आणि ऑटोमोबाइल असोसिएशनने तसं प्रमाणपत्र दिलं, तर ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर अडीच टक्के सूट मिळते, तीही जास्तीत जास्त 500 रुपये. ओन डॅमेजचा हप्ता 8,000 असेल तर सूट 200 रुपयांची.

बॅटरीचा हिशेब मात्र करा. उभी गाडी घड्याळ, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि अलार्म धरून 50 मिलिअँपिअर ओढत असेल, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. 40 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात पार उतरते, आणि गाडी सुरू न होण्याइतकी तर त्याच्या बरीच आधी. फिटरला मीटर लावून उभ्या गाडीचा करंट मोजायला सांगा. मीटरच नाही म्हणाला, तर त्याच्याकडे काम देऊ नका.

थोडक्यात माझा कौल असा: वॉरंटी चालू आहे आणि पार्ट नंबरचं किट मिळतंय, तर जास्त पैसे देऊन शोरूम. वॉरंटी संपली असेल, तर पारखलेला इलेक्ट्रिशियन. वॉरंटी चालू आहे पण कंपनीचं किट नाही, तर बाहेर तुमच्या मॉडेलचं कपलरवालं किट मिळेपर्यंत थांबा आणि तोवर गियर लॉक लावा.

काम झाल्यावर लगेच निघू नका. आत बसून रिमोटने लॉक करा, अर्धा मिनिट थांबा आणि आतून दार उघडा. सायरन वाजलाच पाहिजे. रिमोट हरवला तर अलार्म बंद करायचं बटण कुठे लपवलंय ते घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा. दुसरी किल्ली आणि दुसरा रिमोट कपाटात जपा. गाडी चोरीला गेलीच, तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.