तिहेरी उडीचे स्पाइक्स: पैसे टाचेसाठी मोजायचे

लांब उडीचे किंवा स्प्रिंटचे स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून तिहेरी उडी मारता येते, पण टाच फार दिवस सोसत नाही. हॉप (पहिली उडी, त्याच पायावर उतरणारी) आणि स्टेप (दुसरी, दुसऱ्या पायावर उतरणारी) यांनंतर पाऊल जवळपास पूर्ण तळव्यावर पडतं आणि शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार एका पायावर येतो. स्प्रिंटच्या बुटात टाचेखाली जेमतेम पातळ थर असतो. तिहेरी उडीच्या बुटात तिथे जाड फोम, टाचेपासून चवड्यापर्यंत कडक प्लेट आणि बहुतेकदा पाऊल आवळणारा पट्टा मिळतो.

फोम जितका जाड तितका बूट चांगला, असं मात्र नाही. मऊ फोम धक्का गिळतो, तसा रेटाही गिळतो, आणि त्याची किंमत स्टेपमध्ये चुकवावी लागते. ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्सच्या 1995 च्या 18.29 मीटरच्या विश्वविक्रमातही स्टेप सर्वांत आखूड होती: हॉप 6.05, स्टेप 5.22, शेवटची उडी 7.02. बूट पारखायचा तो इथे. घालून एका पायावर सलग लंगडी घाला. टाच आत उचलली जात असेल किंवा बोटं पुढे आदळत असतील, तर अर्धा नंबर बदला. पट्टा आवळून ढिला बूट बसवता येत नाही.

जुनं मॉडेल घेताना तळाची जाडी बघाच. 1 नोव्हेंबर 2024 पासून तिहेरी उडीलाही कमाल 20 मिमीची मर्यादा आहे. त्याआधी 25 चालायचे. स्पर्धेत उतरायचं तर मॉडेल वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या मान्य यादीत हवं. नियम किती काटेकोर आहे ते व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासला विचारा: 2022 मध्ये ती तिहेरी उडीचे बूट घालून लांब उडीत 6.93 मीटर गेली आणि जागतिक स्पर्धेच्या पात्रतेसाठी ती उडी धरलीच नाही, कारण लांब उडीला तेव्हाही मर्यादा 20 मिमी होती.

फळीवरचा टेक-ऑफ आणि हॉपचं उतरणं एकाच पायावर, म्हणून त्या पायाच्या बुटाचा फोम आधी दबतो. गुडघ्याच्या दुखण्यामुळे अमेरिकेच्या ख्रिश्चन टेलरने टेक-ऑफचा पायच बदलला आणि 2015 मध्ये उजव्या पायावरून 18.21 मीटर मारली. बुटाच्या जोडीत अशी सोय नाही. टाचेच्या फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या राहिल्या, की वरचा भाग नवा दिसत असला तरी जोडी बाद समजा. वॉर्म-अप आणि गवतावरचं बाउंडिंग (लांब ढांगांच्या सलग उड्या) साध्या बुटांत केलं तर फोम जास्त टिकतो.

खिळे सिंथेटिक ट्रॅकवर 9 मिमीपर्यंत चालतात, पण 6 पुरतात. लांब खिळा रुतला की पाऊल अडतं, शरीर पुढे जातं आणि पीळ गुडघ्यावर येतो. खिळा बसवताना पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवा. पाना थेट लावला तर आटे तिरपे बसून झिजतात. खड्ड्यातली वाळू वेल्क्रोत अडकून पट्टा सुटायला लागतो, तेव्हा जुना टूथब्रश जवळ असू द्या.