चार्जरवर १२.६ लिहिलेलं होतं

बॅटरी मी वजन करून घेतली होती. हे आधीच सांगतो, कारण ज्याला ज्याला फसवणुकीचा हा किस्सा सांगितला त्याने पहिल्यांदा हेच विचारलं, ‘अरे, हातात उचलून तरी बघायचीस!’ बघितली. एवढंच कशाला, दुकानातल्याच काट्यावर ठेवायला लावली. २ किलो १०० ग्रॅम भरली.

मला गळाने मासे धरायचा नाद आहे. इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी मासे शिजत नाहीत, त्यामुळे धरलेलं सगळं काकांकडेच राहतं. काका म्हणजे मित्राचे सासरे, देपालपूरकडचा एक तलाव त्यांनी पट्ट्यावर घेतलाय. गेल्या वर्षी जुन्यात एक कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद नाव, मिळाली तेव्हापासून मी काठ सोडला. तिथली मरळ मेलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही, तिला जिवंत चिलवा, म्हणजे छोटा आमिषाचा मासा, लागतो. म्हणून सीटमागे २० लिटरचा प्लास्टिकचा डबा बसवला. नावेतलं पाणी उपसतात तो छोटा १२ व्होल्टचा पंप लावला. तो तलावाचं पाणी डब्यात सोडतो, जास्तीचं वरच्या भोकातून परत बाहेर.

हा पंप थांबला की खेळ खलास. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि पाणी तापलं की माशाला श्वास जास्त लागतो. आमच्याकडे मे-जूनमध्ये डब्यातलं पाणी किती तापतं हे काय सांगायचं. पंप २ अँपिअर ओढतो, सकाळी पाच ते बारा धरले तर १४ अँपिअर-तास झाले. थोडं हातचं राखून २० ची बॅटरी घ्यायची ठरवली. शिशाची २० ची सहा-सात किलोंची असते, कयाकवर ते ओझं नको. लिथियम आयर्न फॉस्फेटची दोन-सव्वादोन किलोंत बसते. इथपर्यंत माझा अभ्यास पक्का होता.

दुकान इलेक्ट्रिकच्या बाजारातल्या एका गल्लीत. माणूस गोड बोलणारा, आधी चहा मागवला. नाव, तलाव, पाणी, सगळं सांगितलं त्याला. ‘भिया, येई तो चइये आपको,’ म्हणत त्याने काळा डबा पुढे केला. वर छापलेलं: १२.८ व्होल्ट, २० एएच, म्हणजे अँपिअर-तास. सोबत चार्जर. मी वजन केलं, पंप जोडून बघितला, जोरात फिरला. किंमत साडेपाच हजार रोख, ‘बिल लोगे तो अठारा परसेंट और.’ मी बिल घेतलं नाही. वॉरंटी कार्डावर त्याने शिक्का मारला, तारीख ‘बाद में डाल लेना’ म्हणाला. मला वाटलं, बरंच झालं, वॉरंटी आपल्या मर्जीने सुरू होईल! हावरटपणा माझाही होताच.

१६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशातल्या नद्या-जलाशयांत मासेमारी बंद असते. काकांचा हंगामही त्याच सुमारास आटोपतो, म्हणून घाई होती. घरी चाचणी न करता जूनच्या पहिल्या रविवारी निघालो.

पाच वाजता पंप सुरू केला. सव्वासहाच्या सुमारास आवाज बदललेला वाटला, पण तेव्हा एक मरळ मागे लागली होती. पावणेसातला डब्यात पडणारी धार बोटाएवढी उरली, मग नुसती गळती, मग तीही नाही. मी पंप उघडून कचरा शोधत बसलो. तोवर चिलवे वर आले होते. चाळीस चिलवे, सगळ्यांची तोंडं पाण्याच्या रेषेला लागलेली, उघडमीट उघडमीट. मगाने पाणी ओतत राहिलो, किती ओतणार? काठावर पोचेपर्यंत निम्मे उलटे झाले होते. काका काही बोलले नाहीत, फक्त डबा बगळ्यांसमोर रिता केला.

पंप असा हळूहळू मंदावला तेव्हाच ओळखायला हवं होतं. फॉस्फेटची बॅटरी शेवटपर्यंत जवळपास एकाच जोराने चालते आणि संपली की आतलं संरक्षण सर्किट तिला एकदम बंद करतं.

घरी येऊन झाकण उघडलं, तेही लोखंडी पेचकसाने. हा मूर्खपणा कुणी करू नये, शॉर्ट होऊन आग लागू शकते. आत एका कोपऱ्यात लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले नऊ सेल, तीन-तीनच्या तीन रांगांत, वर कोरं निळं प्लास्टिक. टोकांवर मात्र जुन्या पट्ट्या उपटल्याचे ओरखडे, आणि त्या ओरखड्यांवरच नवं वेल्डिंग. संरक्षण सर्किट नाहीच. मीटर लावला तर एक रांग १.१ व्होल्टपर्यंत उतरलेली, म्हणजे परत चार्ज करणंही धोक्याचं. उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली वाळू. आमच्या घरच्या काट्यावर दीड किलो भरली. वजन करून घेणाऱ्या माझ्यासारख्या शहाण्यांची सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

आणि खूण समोरच पडली होती. चार्जरवर १२.६ व्होल्ट लिहिलेलं होतं. ३.२ व्होल्टचे चार फॉस्फेट सेल जोडले की १२.८ होतात आणि त्यांना १४.६ चा चार्जर लागतो. १२.६ चा चार्जर लागतो तो ३.७ चे साधे लॅपटॉपवाले लिथियम सेल तीन टप्प्यांत जोडल्यावर. डब्यावर एक, चार्जरवर दुसरंच, आणि दोन्ही माझ्या हातात होतं. मीटर जवळ असेल तर पूर्ण चार्ज केलेली बॅटरी तासभर ठेवून मोजा. फॉस्फेटची साधारण १३.३ च्या पुढे दाखवते, १२.६ च्या वर जात नसेल तर ती फॉस्फेटची नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. त्याने झाकण उघडलेलं पाहिलं आणि म्हणाला, सील तुटलं, वॉरंटी गेली. वाळू दाखवली तर म्हणाला, तुम्हीच भरली असेल. वर, पाण्याजवळ वापरलेल्या मालाची जबाबदारी नाही. नावेसाठी हवी म्हणून सांगितलं होतं त्याचं काय? तो पुढच्या गिऱ्हाइकाला चहा मागवत होता. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. तिकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘बिल है?’ निदान यूपीआयने पैसे दिले असते तर दाखवायला तेवढं तरी असतं.

आता कुठलीही बॅटरी आली की गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडतो आणि घड्याळ लावतो. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. २० एएच खरी असेल तर अकरा-बारा तास जळायला हवा. ती नऊ सेलवाली जेमतेम दोन तास टिकली असती. पंख्याखाली, घरात, एकही चिलवा न मारता हे कळलं असतं. अर्थात बल्बसमोर बसून राहायचं. फॉस्फेटची १० व्होल्टच्या खाली आणि शिशाची साडेदहाच्या खाली जाऊ द्यायची नाही.

तो पंपही काढून टाकला. हवेचे बुडबुडे सोडणारी छोटी १२ व्होल्टची मोटर लावली, ती पाव अँपिअरवर चालते. तिला यूपीएसमधली साधी ७ एएच शिशाची बॅटरी दिवसभर पुरते. जड आहे, पण दोन-अडीच किलोंच्या आतच. ती वेगळ्या दुकानातून घेतली, तारखेसकट शिक्का मारून. बिल देवघराच्या खणात आहे, आईच्या पेन्शनच्या पासबुकाखाली.